अकरावा जोड

इतिवृत्ताची वही लाल कापडाची.
ठराव क्रमांक सहा : प्रसादाच्या पातेल्यांना कल्हई करून घ्यावी.
ठराव क्रमांक आठ : गच्चीवरची टाकी गळते.
मधे सात.

सातव्याला मी तीन ओळी दिल्या.
‘वसतिगृहासंबंधी एका पालकांचे निवेदन आले.
सविस्तर चर्चा झाली. संस्थानाचे हित लक्षात घेऊन
योग्य त्या कार्यवाहीचे अधिकार अध्यक्षांना देण्यात आले.’
सूचक, अनुमोदक, एकमत.
माझं अक्षर चांगलं. शाळेत त्यासाठी बक्षीस होतं.

सविस्तर चर्चा कशी झाली ते सांगतो.
कोणी म्हणालं, नऊ वर्षांचं पोर, त्याला काय कळतं.
कोणी म्हणालं, नऊ वर्षांच्या पोराला एवढं कळतं
म्हणजे कोणीतरी पढवलंय.
दोन्ही वाक्यांना माना डोलल्या. त्याच माना.
आगटे वकील मला म्हणाले, ‘तक्रार’ खोडा, ‘निवेदन’ घाला.
मी खोडलं. पट्टी लावून.
घैसासबाईंनी विचारलं, मुलाशी कोणी बोललं का?
तेवढ्यात चहा आला.
(चहा-बिस्किटे, एकशे चाळीस रुपये. पावती जोडली आहे.)

बाहेर बाकावर त्याची आई, सुमन धोंडफळे.
नारायण पेठेतल्या खानावळीत पोळ्या लाटायची,
अर्ध्या दिवसाचे पैसे कापून घेऊन आली होती.
तिला आत बोलवायचं राहिलं.
राहिलं, असं मी आजवर म्हणत आलो.

गुरुजींची कृष्णाकाठच्या शाखेत बदली झाली.
नारळ, शाल. पत्र मीच टाइप केलं :
‘आपल्या अनुभवाचा लाभ तेथील एकोणीस मुलांना मिळेल.’
एकोणीस.
आकडा चुकू नये म्हणून
मी फोन करून विचारून घेतला होता.

निवृत्त झालो तेव्हा वही घरी आणली. चोरीच म्हणा.
जाळायची होती. मग म्हटलं, राहू दे.
त्यालाही आता बारा वर्षं झाली.

गेल्या रविवारी तो आला, एरंडवण्यात, जिने चढून.
लिफ्ट दुरुस्त करतो म्हणाला, आणि आमचीच बंद.
पाणी घेतलं नाही. बसलाही नाही नीट.
‘त्या दिवशी मी चपला मोजत होतो,’ म्हणाला.
‘दुसरं काही नव्हतंच बघायला. अकरा जोड.
तुम्ही सगळे बाहेर आलात तेव्हा सगळ्यांच्या माना खाली.
मला वाटलं, माझ्यासाठी वाईट वाटतंय यांना.
चपला शोधत होतात तुम्ही.’

‘विश्वस्त दहा होते,’ मी म्हणालो.
हिशेबाची सवय, तोंडातून निघून गेलं.
‘हो. अकरावा कोणाचा, तेच बघायला आलो.
काळ्या. डाव्या अंगठ्याला पांढऱ्या दोऱ्याचा टाका.’
पंचवीस वर्षांनी त्याला तो टाका आठवत होता.
मला नव्हता.

संस्थानाची शताब्दी आहे. स्मरणिका निघते आहे.
नवे अध्यक्ष फोनवर गोड बोलतात :
एकतीस वर्षांच्या सेवेवर लिहा काहीतरी, फोटोसह.
मी सातव्या ठरावाचं काढलं, तर म्हणाले,
ती माणसं गेली आता, कशाला उकरायचं? देव सगळं बघतो.
बघत असेल.
गाभाऱ्यात चांदीच्या पादुका आहेत, रोज पुसतात त्या.
पण वही देवाने लिहिली नव्हती.

वही मी त्याच्यापुढे ठेवली.
तीन ओळी त्याने उभ्यानेच वाचल्या, वेळ लागला नाही.
माफी मागावी असं मनात होतं, वाक्य जुळेना.
जुळलं असतं तर ठरावासारखंच झालं असतं.
दारात थांबून त्याने एवढंच विचारलं :
‘त्या एकोणीस जणांची नावं कोणाकडे असतील?’

तो गेल्यावर कोरा कागद घेतला.
समास आखला.
एक लिहिला, पुढे टिंब दिलं.